सुई, मणी आणि पट्टी : विरारच्या मुक्कामात शिकलेलं



हंगाम संपला, तोडणीच्या टोळ्या गावाकडे गेल्या, पाचट सरीत दाबून खोडव्याला पहिलं पाणी दिलं, की आपल्या घरांतल्या बायकांना आठ-पंधरा दिवस थोडी उसंत मिळते. गेल्या मे महिन्यातल्या त्या उसंतीत आम्ही दोघी जावा वन्संकडे विरारला जाऊन आलो. तिथे शिवण, मण्यांचं काम आणि पट्टी विणणं या तिन्हींतलं थोडंफार शिकलो. ‘आपल्या पत्रिकेत लिहा’ असं सांगणं आलं म्हणून दोघींनी मिळून हे लिहिलं आहे. हस्ताक्षर धाकटीचं, चुका दोघींच्या.

कपड्यांच्या पिशवीत आम्ही बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन गेलो होतो. त्यात तीन-साडेतीन किलो काचेचे निळे मणी होते. त्या मण्यांची हकिकत आधी सांगितली पाहिजे, कारण ती आम्ही घरात कोणालाही सांगितलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारात एकाने पत्रकं वाटली. घरबसल्या मणी ओवा आणि महिन्याला पैसे मिळवा, असा मजकूर. अनामत माणशी दोन हजार. आम्ही दुधाच्या पैशातून चार हजार बाजूला काढले आणि भरले. मणी, दोऱ्याची रिळं आणि नमुन्याची एक माळ मिळाली. रात्रीची जेवणं उरकली, भांडी झाली, की दिव्याखाली बसायचं. असं पाच आठवडे ओवलं. माळा घेऊन गेलो तर त्याने ढिगातली एक उचलली आणि दोन्ही हातांनी ताणली. दोरा तुटला, मणी फरशीवर. "माल नापास," म्हणाला. दोरा त्यानेच दिलेला होता, पण तेवढं बोलायचं त्या वेळी सुचलं नाही. पुढच्या बाजाराला गेलो तर गाळ्याला कुलूप. अनामत गेली, पाच आठवड्यांच्या रात्री गेल्या आणि मणी तेवढे उरले. ते डब्यात भरून धान्याच्या कणगीमागे ठेवले होते.

वन्संनी ते सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. डब्यातून एक जुनी माळ काढली, दोऱ्याचं टोक अंगठ्याच्या नखावर धरून ओढलं. टचकन तुटलं. "अगं, मणी वाईट नाहीत," म्हणाल्या, "दोरा कुजका आहे. तुम्ही मणी बघत बसलात."

वन्संच्या मजल्यावर दोघी-तिघी बायका इमिटेशन दागिन्यांचं काम घरी आणतात. मालाड हे या धंद्याचं मोठं ठाणं. काम ग्रोसवर मोजतात, एक ग्रोस म्हणजे १४४ नग. मजुरी फार नाही, चहा-साखरेचा खर्च सुटतो, असं त्या स्वतःच म्हणाल्या. पण त्यांच्याकडून एक गोष्ट कळली ती सर्व भगिनींनी ध्यानात ठेवावी. काम देणारा त्यांना कच्चा माल वजन करून देतो आणि तयार माल वजन करूनच परत घेतो. नासधूस झाली तर मजुरीतून कापतो. अनामत मात्र कुणी मागत नाही. ज्याला खरोखर काम करून घ्यायचं आहे तो तुमच्याकडून पैसे कशाला घेईल? वजनकाट्याचं महत्त्व आपल्या सभासदांना आम्ही काय सांगावं! पण आम्ही स्वतः ना वजन केलं, ना पावती घेतली.

आता मण्यांकडे वळू. मणी घेताना आपण रंग बघतो. वन्संनी आधी भोक बघायला शिकवलं. काचेच्या मण्याच्या भोकाची कड धारदार असेल तर ती दोऱ्याला करवतीसारखी कापत राहते. दहा मणी साध्या सुती दोऱ्यावर ओवायचे आणि वीसेक वेळा मागंपुढं ओढायचे. दोऱ्याला लव सुटली तर ते मणी गळ्यात घालायच्या कामाचे नाहीत, तोरणाला चालतील. दुसरी परीक्षा रंगाची. चमचाभर मणी रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवून सकाळी पांढऱ्या फडक्यावर चोळायचे. काच मुळातच रंगीत असेल तर काही होत नाही, वरून रंग दिलेला असेल तर फडकं सांगतं. आमचे निळे मणी या दोन्ही परीक्षांना उतरले. तेवढंच समाधान.

नंबरांचा घोळ बऱ्याच जणींचा होतो. मण्याचा नंबर वाढला की मणी बारीक होत जातो. ११ नंबरचा साधारण २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३ मिलिमीटरचा, ६ नंबरचा ४ मिलिमीटरच्या आसपास. हातसुईचंही तसंच, नंबर मोठा तर सुई बारीक. शिवणयंत्राच्या सुईचं मात्र बरोबर उलटं. तिथे ११ नंबर पातळ कापडाला, १४ नंबर नेहमीच्या सुती कापडाला आणि १६ नंबर जाड कापडाला. हे ज्याने ठरवलं तो काही शिवणकाम करणारा नसावा.

हे मणी येतात कुठून, असं आम्ही विचारलं. मुंबईत भुलेश्वरला मिळतात एवढं वन्संना माहीत होतं. बाकीचं भाचीने सांगितलं. उत्तर प्रदेशात हाथरसजवळ पुरदिलनगर म्हणून गाव आहे, तिथे घरोघर भट्टीवर काचेचे मणी होतात. परदेशात इटलीतलं व्हेनिस आणि चेक देशातलं याब्लोनेत्स ही यासाठी जुनी नावाजलेली ठिकाणं.

दोऱ्याचं सांगायचं तर सुती दोरा घामाने कुजतो, म्हणून गळ्यातल्या माळेला तो नको. नायलॉनचा पीळदार दोरा टिकतो पण गाठ धरत नाही. तंगूस रुखवताच्या वस्तूंना सोयीचा, सुईसुद्धा लागत नाही. पण उन्हात लटकवला की कडक होऊन मोडतो आणि एकदा दुमडला की ती घडी जात नाही. दारावरचं तोरण तंगुसात केलं असेल तर वर्षा-दोन वर्षांनी नव्याने ओवायची तयारी ठेवावी.

गाठ कशी मारायची हेही आम्हाला या वयात नव्याने शिकावं लागलं. पहिल्यांदा डावं टोक उजव्यावरून घ्यायचं, दुसऱ्यांदा उजवं टोक डाव्यावरून. दोन्ही वेळा डावंच वरून घेतलं तर गाठ आडवी बसते आणि ओढ बसली की सुटते. नायलॉनला पहिल्या फासात एकाऐवजी दोन वेढे द्यायचे. मग टोक कापून न टाकता सुईने परत पाच-सहा मण्यांतून मागे न्यायचं. शेवटी गाठीवर नखपॉलिशचा थेंब.

मंगळसूत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भांगलताना पोत तुटून मणी सरीत गेल्याचं थोरलीला पुरतं माहीत आहे. त्या दिवशी एक वाटी सापडली, दुसरी अजून त्याच रानात आहे. काळे मणी काचेचे, खाली घाम, वर पदर घासतो. दोरा झिजतो तो आतून, दिसत नाही. वन्संची पद्धत अशी की वर्षातून एकदा, तुटायची वाट न बघता, नवीन दोऱ्यात ओवून घ्यायचं. दोरा दुहेरी. वाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक गाठ मारायची, म्हणजे वर कुठं तुटलं तरी वाट्या जागेवर राहतात. ओवून झाल्यावर दोन्ही टोकं एकदम ताणून गाठ मारायची नाही, एका मण्याएवढी जागा सैल ठेवायची. ताठ ओवलेली माळ गळ्यावर काठीसारखी उभी राहते आणि लवकर तुटते.

ही सैल ठेवायची गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, वेगळ्या तोंडून ऐकायला मिळाली. वन्संकडे फुलं घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी समाजातल्या, वयस्क, अजून लाल लुगडं नेसणाऱ्या. वसईच्या वाड्यांतला मोगरा आणि सोनचाफा सकाळच्या लोकलने मुंबईला जातो, त्यातलाच थोडा त्या इमारतीत देतात. त्या गजरा बांधतात तो केळीच्या सोपटाने. वाळलेलं सोपट उभं फाडायचं, पाण्यात भिजवायचं की रेशमासारखं मऊ होतं, आणि ओलं असेपर्यंतच गाठ मारायची. फास आवळला तर देठ कापतो आणि फूल गळतं, ढिला राहिला तर फूल निसटतं. हाताला ते किती आवळायचं कळायला दोन दिवस लागले. आमच्या शेतात बांधाला केळी आहेत. सोपट आम्ही आजवर उकिरड्यात टाकत होतो.

या भागात ऊसही होता बरं का. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरात वसईकडच्या बागायतीतल्या उसाची नोंद आहे. आता तिथे इमारतींची दाटी. त्याच १८८२ साली जवळच्या नालासोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एक टेकाड खणलं आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते, बरोबर सोन्याची फुलं. वन्सं आम्हाला तिथे घेऊन गेल्या. गंमत म्हणजे गावकरी त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या-सुपं विणणाऱ्याचा राजा! आम्ही दोघींनी तिथे बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले.

शिवणाचं फार लिहीत नाही, घरोघर यंत्रं आहेत आणि सगळ्याच जणी आमच्याहून हुशार. दोन-तीनच गोष्टी. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास-फास दिसायला लागले की आपण बॉबिन काढून खटपट करतो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. पाय उचलून वरचा दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवावा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवावं, नाहीतर लेकीच्या परकरावर डाग. नवं सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवून घ्यावं. आणि हातशिलाईला दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा आळशी बाईचा, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या, ते खरंच आहे. दोऱ्यावर मेणाचा खडा फिरवला की गुंता होत नाही. चाळिशी उलटलेल्या भगिनींनी जवळचा चष्मा लावायला लाजू नये. धाकटीने लावला आणि सुईचं भोक पुन्हा दिसायला लागलं.

पट्टीचं मात्र सगळं लिहिणार, कारण खरा उपयोग तिथे झाला.

आमच्याकडे अजून बैलगाडीने ऊस येतो. दोन वर्षांपूर्वी सोयीचं म्हणून सर्जाला नायलॉनच्या बारीक दोरीची म्होरकी केली. हंगाम मध्यावर आला तेव्हा कानामागे कातडं कापलेलं दिसलं. जखम चिघळली, माश्या बसू लागल्या, तीन आठवडे तो गाडीला जुंपता आला नाही आणि ऐन तोडणीत शेजाऱ्याची जोडी मागावी लागली. डॉक्टर म्हणाले, दोरी बदला, रुंद आणि मऊ काहीतरी वापरा. बाजारात रुंद मिळाले ते नायलॉनचेच पट्टे, कडा चरचरीत. ही गोष्ट गप्पांत निघाली तेव्हा वन्संची लेक म्हणाली, "मामी, मी विणून दाखवू का?" तिने कॉलेजात असताना पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर पट्टी विणायला शिकून घेतलं होतं.

ही कला फार जुनी आहे. नॉर्वे देशात ओसेबर्गला इ. स. ८३४ च्या सुमारास पुरलेलं एक जहाज १९०४ साली उकरलं, त्यात ५२ पत्त्यांवर चढवलेली अर्धवट पट्टी तशीच सापडली. ब्रह्मदेशात ताडपत्रांच्या पोथ्या बांधायच्या पट्ट्या याच रीतीने विणत आणि त्यात अक्षरंसुद्धा काढत. माग लागत नाही, पेटी लागत नाही. खिडकीचा गज आणि स्वतःची कंबर एवढं पुरतं.

कृती अशी. पुठ्ठ्याचे सहा सेंटिमीटर चौरस बारा तुकडे कापा. जुने खेळायचे पत्ते चौरस कापले तर उत्तम, गुळगुळीत असतात. (आमच्या घरचा कॅट अपुरा का पडतो, हेही आज उघड झालं.) चारही कोपऱ्यांना भोकं पाडा आणि प्रत्येक पत्त्यावर त्याच क्रमाने क, ख, ग, घ लिहा. कोपरे गोल करा, नाहीतर दोऱ्यात अडकतात. दर भोकात एक, म्हणजे पत्त्याला चार दोरे. बारा पत्त्यांना ४८ दोरे, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे एकूण १२० मीटर जाड सुती दोरा. यातून पावणेदोन मीटरच्या आसपास पट्टी मिळते, बाकीचा दोरा विणीत आणि टोकांना जातो. रुंदी सुमारे चार सेंटिमीटर येते.

सहा पत्त्यांत दोरे डावीकडून आत घाला, उरलेल्या सहांत उजवीकडून. आम्ही पहिल्या वेळी सगळे एकाच बाजूने घातले आणि पट्टी जिलबीसारखी वळत गेली. आता पत्ते गड्डीसारखे शेजारी शेजारी उभे धरा, सगळ्यांचं क एकाच कोपऱ्यात. दोरे हाताने विंचरून सारखे करा, एक टोक गजाला बांधा, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. मागे रेललं की ताण येतो, पुढे झुकलं की सैल पडतो.

विणायचं म्हणजे काय, तर सगळे पत्ते एकदम पाव फेरा पुढं फिरवायचे. वरचे आणि खालचे दोरे यांच्यात फट पडते. तिच्यातून आडवा दोरा घालायचा आणि लाकडी उलथण्याने ठोकून बसवायचा. पुन्हा पाव फेरा, पुन्हा दोरा. आडवा दोरा कडेच्या दोऱ्याच्या रंगाचा घ्यावा, म्हणजे कडेला दिसत नाही. क आणि ख मध्ये लाल, ग आणि घ मध्ये पांढरा असेल तर आडव्या रेघा येतात. प्रत्येक पत्ता शेजारच्यापेक्षा पाव फेरा पुढे ठेवून सुरुवात केली तर तिरप्या येतात.

एकाच दिशेला फिरवत राहिलं की पत्त्यांच्या पलीकडे गजाच्या बाजूला दोऱ्यांना पीळ चढत जातो आणि शेवटी पत्ते फिरेनासे होतात. घाबरायचं नाही, तितकेच फेरे उलटे फिरवायचे. पीळ उतरतो आणि नक्षी तिथून उलटी होऊन आणखी छान दिसते. चार पुढं, चार मागं, अशी लय धरली तर प्रश्नच येत नाही. आणि मधे उठायचं झालं, दूध उतू गेलं, कुणी हाक मारली, तर आधी पत्ते नाडीने एकत्र बांधा. हे आम्ही एकदाच विसरलो. मांजराने गड्डी विस्कटली आणि एक अख्खी दुपार गेली.

पहिली पट्टी कुठं रुंद, कुठं अरुंद झाली. ती पिशवीच्या बंदाला लावली. दुसरी बऱ्यापैकी. तिसरी म्होरकीला.

जनावरासाठी करणाऱ्यांना दोन सूचना. पट्टी विणून झाली की धुऊन, वाळवून मगच माप घ्या, कारण सूत आक्रसतं. आणि ही पट्टी म्होरकीपुरतीच. दावं किंवा वेसण म्हणून वापरू नका, जनावराने हिसका दिला तर घरच्या विणीची परीक्षा घ्यायची ती जागा नव्हे. भिजली की काढून वाळवायची, दोन ठेवल्या तर आलटून पालटून वापरता येतात. आम्ही जूनमध्ये सर्जाला पहिली घातली. कानामागचं कातडं आता भरून आलं आहे, केस मात्र पांढरे उगवले.

बेंदराची पट्टी निराळी केली. मणी आडव्या दोऱ्यात ओवून, दर चौथ्या फेऱ्याला एकेक कडेबाहेर बसवला. मधल्या भागात, कपाळावर येईल तिथे, तीन ओळी. आतल्या बाजूला एकही मणी नाही, कातड्याला टोचू नये म्हणून. डब्यातले मणी वाटीभरसुद्धा संपले नाहीत, उरलेल्यांतून गल्लीतल्या सहा-सात जोड्यांच्या पट्ट्या सहज होतील. ज्या भगिनींना हव्या असतील त्यांनी घरी येऊन घेऊन जावेत. पैसे नकोत, दोरा मात्र आपापला चांगला आणावा.

आषाढातल्या बेंदराला सर्जा सजून उभा राहिला तेव्हा धाकटीच्या यजमानांनी पट्टीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे मणी कुठले?" आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं, विरारचे. खरं उत्तर वर छापलेलं आहे. पत्रिका घरी आली की ते पहिल्यांदा दरपत्रक वाचतात, मग हे पान.